तळ्यामागचे आरसे

३ मार्च, रविवार

वहिनी,

फ्लेमिंगो जवळून बघू नयेत. चित्रात, टॉवेलवर छापलेले, लांबून, ठीक आहेत. जवळून त्यांना वास येतो. शेवाळ, कुजलेली कोळंबी आणि महिनाभर न झाडलेलं कोंबड्यांचं खुराडं, असा एकत्र वास. तीसचाळीस पक्षी एकाच हिरव्या पाण्यात एकेका पायावर उभे असतात, त्यातच हगतात आणि मान उलटी करून त्यातलंच गाळून खातात. वर लोक म्हणतात, किती गोड.

दोन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही, आणि आता सुरुवात करते ती हगण्यापासून. तू म्हणशील, नणंद शेवटी नणंदच. म्हण.

लिहायचं कारण एवढंच की खारूला आज वन्यजीव उद्यानात उलटी झाली. शनिवारी ती तुला भेटेल तेव्हा बोलता बोलता सांगेल, आणि त्या भेटीच्या खोलीत कोपऱ्यात लक्ष ठेवायला बसलेल्या बाईसमोर तुला धड विचारताही येणार नाही. म्हणून आधीच कळवते. ताप नाही. घरी आल्यावर तिने भात खाल्ला. अजूनही गालात साठवून ठेवते, तू नाव ठेवलंस तशीच आहे. सात वर्षांची खार. आजी म्हणते, "गीळ." ती मान डोलावते आणि गिळत नाही.

दादा, आई, खारू आणि मी, चौघं गेलो होतो. तिथे रबरी बूट घातलेली एक बाई पक्ष्यांना खाणं घालत होती. तिने सांगितलं, यांचा रंग यांचा नसतो, खाण्यातून येतो. पिशवीतल्या दाण्यातच रंग घातलेला असतो. तो बंद केला तर वर्षभरात पांढरेफटक पडतील. मी मुठीत तो दाणा घेऊन बघितला. तळहाताला रंग लागला. मी दिवसभर कवळ्यांसाठी हिरड्यांचं गुलाबी कालवत असते, मला तो रंग माझ्या पत्र्याच्या डब्यातलाच वाटला. मी ओल्या रुमालाने हात पुसला, तरी घरी येईपर्यंत त्याचा वास नाकाशी येत होता.

बाकी सगळे बरे. तुझ्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

मला माहीत आहे तू माझ्यावर का रागावली आहेस. पण मी ताब्याच्या चौकशीत अधिकारी बाईंना जे सांगितलं ते डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून सांगितलं. माझ्या जागी तू असतीस तर तूही तेच केलं असतंस.

खारूची आत्या


५ मार्च, मंगळवार

वहिनी,

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. समोर कोणाचा तरी खालचा जबडा मेणात बसवून ठेवला आहे आणि तो माझ्याकडे बघून हसतो आहे असं उगीच वाटतंय.

परवाच्या पत्रात मी गाळलेलं सांगते. आम्ही उद्यानात मजेसाठी गेलो नव्हतो. सत्तावीस तारखेला खारूच्या ताब्याची सुनावणी आहे, तुला माहीतच आहे. दादाच्या वकिलाने त्याला सांगितलं, "घरातलं वातावरण दिसेल असे फोटो लागतील. मुलगी आजीबरोबर, मुलगी आत्याबरोबर. मोकळी हवा असली तर उत्तम." मग दादाने तिकिटं काढली.

तुला दादाचं काम माहीत आहे. विम्याच्या पाहणीला जातो तेव्हा ठोकलेल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढतो, एक लांबून, एक जवळून, एक नंबराच्या पाटीसकट. तसेच त्याने खारूचे काढले. "इकडे बघ. आता डावीकडे. आता आजीचा हात धर. मागे पक्षी यायला हवेत." खारू हसत होती, पण ते हसू मी ओळखते. मी त्याचेच साचे बनवते. दातांवरून ओठ मागे ओढलेले, आणि वर काही नाही.

आई म्हणाली, "अरे, पोरीला पक्षी तरी बघू दे."

दादा म्हणाला, "बघायला जन्म पडलाय. ऊन गेलं की फोटो काळे येतात."

तळ्याच्या मागच्या कडेला माणसापेक्षा उंच आरसे उभे केले होते. एकमेकांना चिकटून सात. मला आधी वाटलं, तळं लांबच लांब आहे. खारूनेच ओळखलं. तिने बूटवाल्या बाईला विचारलं, "ते तिकडचे खोटे आहेत का?"

"हो," ती म्हणाली. "यांना मोठा थवा लागतो. थोडेच आहोत असं वाटलं तर अंडीच घालत नाहीत. म्हणून आरसे लावलेत. यंदा पहिल्यांदा पिल्लं झाली."

"त्यांना कळत नाही?"

"कोणास ठाऊक. कळत असेलही. पण गर्दी बरी वाटत असेल."

मग ती पिल्लं बघायला आम्ही कठड्याशी गेलो. पिल्लू राखाडी असतं, कापसाच्या मळक्या बोळ्यासारखं. त्याच्यावर एक मोठा पक्षी वाकला आणि त्याच्या चोचीतून लालभडक काहीतरी खाली ओघळायला लागलं. पिल्लाच्या तोंडात, डोक्यावर, डोळ्यावर. एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. कोणी म्हणालं, मारतोय त्याला. बूटवाली म्हणाली, मारत नाही, पाजतोय. घशात दूध तयार होतं, ते लाल असतं. आई आणि बाप दोघंही पाजतात, आणि पाजता पाजता त्यांचा स्वतःचा रंग उतरतो.

हे ऐकून लोक हळहळले. मला शिसारी आली. समजल्यावरसुद्धा मला ते रक्तच दिसत होतं. तेवढ्यात दादा म्हणाला, "खारू, इथेच थांब, मागे पिल्लू येतंय, मस्त," आणि खारूने गालात धरलेलं सगळं अंडं आणि ब्रेड आपल्या सदऱ्यावर ओकून टाकलं.

दादाने काय केलं असेल? त्याने गाडीतून दुसरा सदरा आणला. तो घरून निघतानाच घेऊन आला होता. "वेगळे कपडे असले की दोन वेळा गेलो होतो असं दिसतं," असं तो सकाळी आईला म्हणाला होता आणि मी ते ऐकून डब्याला झाकण लावत राहिले होते. आईने पोरीचं तोंड पुसलं, पिवळा सदरा घातला, केस नीट केले. "एकच हं," आई म्हणाली, "मग आपण जाऊ." अकरा काढले. त्यातल्या चारांत मी आहे. मीही हसते आहे.

आईच्या हाताला त्या ओकारीचा वास येत होता आणि ती त्याच हाताने गाडीत मला बिस्कीट देत होती. मी खाल्लं.

या फोटोंबद्दल तुझ्या वकिलाला सांगायचं असलं तर सांग. माझं नाव घेतलं नाहीस तर बरं.

आत्या


८ मार्च, शुक्रवार

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. "फ्लेमिंगोंचं मला सांगू नकोस. तू काय केलंस ते सांग." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. ते आईच्या हाती लागलं असतं तर, असं आधी मनात आलं. तू काय लिहिलं आहेस ते नंतर. माझ्या मनाची पायरी ही आहे.

सांगते.

उलटी झाल्यावर मी खारूला बायकांच्या संडासात घेऊन गेले. ओली फरशी, आत कोणाचा तरी बोळा पडलेला, नळ गळत होता. ती आत गेली आणि दार लावेना. मी म्हटलं, लाव, मी बाहेर उभी आहे. ती म्हणाली, "तू जाशील."

"नाही जाणार. जाईन कशी?"

"आई गेली होती. मला बाथरूममध्ये कोंडून. मी टूथपेस्ट खात होते, मग तू आलीस आणि दार उघडलंस."

ती हे आठवून आठवून, लहान मुलं मार लागल्याची जागा दाखवतात तसं सांगत होती. मी विचारलं, "तुला आठवतं?" ती म्हणाली, "हो. तिखट होती. माझी जीभ भाजली."

वहिनी, टूथपेस्ट नव्हती. बाथरूममध्ये त्या दिवशी टूथपेस्ट नव्हतीच, ती संपली होती आणि मी सकाळी नळी कापून वापरली होती. टूथपेस्ट माझ्या तोंडून निघाली. अधिकारी बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही दार उघडलंत तेव्हा मुलगी काय करत होती?" आणि मी काही उघडलंच नव्हतं, त्यामुळे मला काही दिसलं नव्हतं. काहीतरी सांगायला हवं होतं. दिवसभर दातांतच असते, तेच सुचलं. त्या बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघितलं की मला स्वतःलाच भरून आलं. त्या एका शब्दाने त्यांचा विश्वास बसला, हे मला त्याच क्षणी कळलं.

तो शब्द घरात फिरला असणार. दादा वकिलाशी फोनवर, आई शेजारणीशी. पोर दाराआड असतेच. आणि ती त्याची चवही धरून बसली आहे.

मी तिचा हात धरला आणि तिथल्या बेसिनमध्ये ओकले. ती माझी पाठ चोळत होती. म्हणत होती, "आत्या, अंडं खराब होतं का?" मी म्हटलं, हो.

आता ते दुसरं. तुला सगळं माहीत आहे, पण मी स्वतः कधी ते शब्दांत मांडलं नाही. ती खारू पाच वर्षांची असतानाची दुपार. तुझी बेकरीची पाळी तीनला सुटायची. तू तिला माझ्या कामाच्या खोलीत सोडून गेलीस आणि म्हणालीस, "वन्सं, बाथरूमच्या आतल्या कडीकडे लक्ष ठेवा हं, ती खेळते तिच्याशी." अडीचला दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, कवळी घ्यायला मी स्वतःच आलोय, खाली या. दवाखान्याचा माणूस पाठवायचा सोडून ते स्वतः यायचे, याचा अर्थ मला त्यापूर्वी तीन महिन्यांपासून कळत होता. मी खारूला चित्रांचं पुस्तक दिलं आणि खाली गेले. पाच मिनिटं म्हणून. चाळीस मिनिटं मी त्यांच्या गाडीत बसले. गाडीला लवंगेच्या तेलाचा वास होता. बायकोच्या पाठदुखीच्या गोष्टी सांगत त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी तो तिथे राहू दिला.

तू कामावरून आलीस आणि तू मला त्या गाडीतून उतरताना बघितलंस. मला बघून, पिठाचे हात तसेच, तू जिना चढायला लागलीस, कारण लिफ्ट वर होती आणि तुला वरून रडणं ऐकू आलं होतं. मला आलं नव्हतं. तू चार मजले चढून गेलीस. मी पोचले तेव्हा तू बाथरूमचं दार उचकटून ती आतून लागलेली कडी काढली होतीस आणि खारू तुझ्या मांडीवर होती. तुझ्या केसांना पीठ लागलं होतं, तिच्याही.

दीड महिन्याने तू घर सोडायचं म्हणालीस आणि दादाला कागद हवा झाला. त्याने तो टाइप करून आणला. त्यात सगळं तसंच होतं, फक्त माणसं बदलली होती. खाली गेलीस ती तू. दार उघडलं ते मी. मी म्हटलं, दादा, हे असं नव्हतं. तो म्हणाला, "तू त्या वेळी खाली कोणाकडे गेली होतीस ते मी तुला विचारलंय का? नाही ना? मग तूही मला विचारू नकोस. सही कर." चोराच्या मनात चांदणं. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो अंधारात खडा मारत होता, हे मला फार नंतर कळलं. मी सही केली.

तू तिकडे सगळ्यांना सांगितलंस की मूल त्या वेळी आत्याकडे होतं. कोणी ऐकलं नाही. पण गाडीचं तू सांगितलं नाहीस. कोर्टातसुद्धा नाही. एक वाक्य बोलली असतीस तर माझी सही मातीमोल झाली असती. का नाही बोललीस, हे मी स्वतःला दोन वर्षं विचारते. उत्तर येतं आणि मी ते परत खाली ढकलते, खारू घास ढकलते तसं.

मी आता माझ्या हाताकडे बघते आहे. मेण नखांत अडकलं आहे. मला माझाच हात दुसऱ्या कोणाचा तरी असावा असं वाटतंय.

उद्या ती तुझ्याकडे येईल. कडीचं दार असलेल्या खोलीत तिला एकटीला पाठवू नकोस.


१४ मार्च, गुरुवार

वहिनी,

मी काल अधिकारी बाईंकडे गेले होते.

त्यांची खोली बदलली आहे, आता तळमजल्यावर आहे, खिडकीबाहेर सायकली लावलेल्या असतात. त्यांनी मला ओळखलं नाही. मी माझं आधीचं निवेदन चुकीचं आहे असं म्हटल्यावर त्यांनी फाईल काढली, वाचली आणि टूथपेस्टवर बोट ठेवलं. "हे मला आठवतंय," त्या म्हणाल्या.

"तेच खोटं आहे."

"बाकी?"

"बाकीही. पण टूथपेस्टचं माझं एकटीचं आहे."

सगळं सांगितलं. गाडीसकट. डॉक्टरांचं नाव लिहायचं का, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं, लिहा. त्यांचा चेहरा दोन वर्षांपूर्वी हळवा झाला होता, काल तो झाला नाही. ओठ मिटून लिहीत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईला बोलावून तिलाही ऐकवलं, साक्षीला. सही करताना त्यांनी पेन माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. मला बरं वाटलं, वहिनी. कोणीतरी माझ्याशी बरोबर वागलं.

त्यांनी विचारलं, "आत्ताच का?"

मी म्हटलं, "मुलीला चव आठवते."

खोट्या निवेदनाबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. आणि दुसरं सांगितलं, ते मला तुला कळवायला हवं. सुनावणीआधी खारूशीही बोलणार आहेत. "ती सांगेल ते तिच्यापुरतं खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कागद मागे घेतलात. तिच्या डोक्यातलं कसं मागे घेणार?" लहान मुलांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत, त्या बघतील म्हणे.

घरी आले तेव्हा दादाला वकिलाकडून कळलं होतं. तो ओरडला नाही. जेवणाच्या टेबलावर उद्यानातले फोटो पसरले होते, मोठ्या आकारात छापून आणलेले. माझे चार तो वेगळे काढत होता.

"तुला भाडं लागत होतं का इथे?" तो म्हणाला. "वीज? पाणी? तुझ्या त्या घासायच्या यंत्राने शेजारी भांडायला येतात, मी कधी बोललो? दहा वर्षं. आणि तू खाल्ल्या घरचे वासे मोजलेस."

"वासे नाही मोजले, दादा. दार मोजलं."

"काय?"

"काही नाही." मला खरंच काही म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"ती मुलीला घेऊन गेली तर तू कोणाची आत्या राहणार आहेस? विचार केलास?"

केला होता.

आई गॅसजवळ उभी होती. ती म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला सांगायचं?" मग मला म्हणाली, "गाडीत बसायची काय गरज होती तुला?" तिला तेवढंच खुपलं होतं. दोन वर्षं एका पोरीला आईपासून तोडलं, त्याचं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मी तिच्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात. माझे दात तिचेच आहेत, पुढचे दोन जरा मोठे.

येत्या बुधवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे. एका लॅबमध्ये मागे छोटी खोली आहे, तिथे झोपायला परवानगी देतायत, त्यांना कवळ्यांच्या कामाला माणूस हवाच होता.

तुझ्याकडून काही नको आहे मला. हे मुद्दाम लिहिते, कारण मी तशी पत्रं लिहिणारी बाई आहे आणि तुला तसं वाटू शकेल.


२० मार्च, बुधवार

वहिनी,

आज सामान हलवलं. लॅबच्या मागच्या खोलीतून लिहिते आहे. इथे खिडकी आहे पण ती दुसऱ्या खिडकीकडे उघडते.

खारूला मी काही सांगायचं नाही, असं दादाने बजावलं होतं. अधिकारी बाईंनीही सांगितलं होतं की त्या दुसऱ्या बाई सांगतील. मी ठरवलं होतं की सांगणार नाही. जबड्यांचे प्लास्टरचे साचे वर्तमानपत्रात गुंडाळत होते, एकेक, खोक्यात. दादा कामावर होता. खारू शाळेतून आली, दप्तरासकट माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तू कशामुळे चाललीस?"

"मी एक खोटं बोलले होते. ते कबूल केलं, म्हणून."

"किती मोठं?"

मी हातातला साचा खाली ठेवला. मी म्हणाले असते की नंतर सांगेन, तर ती ऐकणारी मुलगी आहे, गेली असती. पण मला ते संडासाचं दार दिसलं आणि तिची जीभ. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी, खुर्चीवर बसून, बाहुल्या दाखवून हे सांगायचं म्हणजे परत मीच खाली गाडीत बसण्यासारखं झालं असतं.

मी सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत. खारू, तू बाथरूममध्ये अडकलीस तेव्हा घरात मी होते. मी तुला एकटी टाकून खाली गेले. आई कामावर होती. आई आली, तिला तुझं रडणं ऐकू आलं, ती जिना चढून धावत आली आणि तिने दार उघडलं. मी सगळ्यांना उलटं सांगितलं.

"पण मी टूथपेस्ट खात होते," ती म्हणाली.

"नव्हतीस. ते मी बनवलं."

"मला आठवतं ना."

"हो. माझ्यामुळे तुला आठवतं."

माझी आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. थांबवायला येईल असं वाटलं, पण आली नाही. ऐकत राहिली असावी. मला वाटतं तिला पहिल्यांदाच सगळं सरळ क्रमाने ऐकायला मिळालं.

खारू दप्तराचा पट्टा चावत उभी होती. मग पुढे आली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मला नीट बघितलं, आपण एखाद्या पदार्थाचा वास घेऊन बघतो तसं. मला वाटलं ती मला बिलगेल, आणि मी हात पुढे केले. वहिनी, माझी लाज बघ, मी त्याही क्षणी हात पुढे केले.

ती मागे सरकली. "तू घाण आहेस," ती म्हणाली. रडत नव्हती. तिला एक गोष्ट कळली होती आणि ती तिने सांगितली. मग शाळेत जाताना मी गालाचा पापा घेतला होता ती जागा तिने बाहीने पुसली. दोनदा.

मला वाईट वाटलं असं लिहिणार होते. खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत त्या घरात कोणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

मी परत साचे गुंडाळायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. ती गेली नाही. दारातच होती. एक साचा तिने उचलला, उलटा केला, खाली ठेवला. मग विचारलं, "आईला माहीत आहे, मला चुकीचं आठवतं ते?"

"आहे."

"भेटीच्या खोलीत मी तिला एकदा म्हटलं होतं, तू मला कोंडून गेलीस म्हणून. ती काही बोलली नव्हती. तिने माझी वेणी घातली." पट्टा परत तोंडात गेला, बाहेर आला. "तिला माझा राग आला असेल?"

याचं उत्तर मला माहीत होतं, वहिनी. जगात मला दुसरं काही माहीत नसेल, पण हे होतं. जिभेवर आलं होतं. मी ते दिलं नाही. माझ्या सांगण्यावरून त्या मुलीने तुझ्याबद्दल आता काहीही मानू नये, चांगलंसुद्धा.

मी म्हटलं, "ते मला विचारू नकोस. तिला विचार."

"कोपऱ्यातली बाई असते ना."

"असू दे. तिच्यासमोर विचार."

ती तेवीस तारखेच्या शनिवारची वाट बघत दिवस मोजते आहे, आजीला सारखी विचारते, असं आईनेच मला खोकी खाली नेताना सांगितलं. दादाला ते माहीत नाही.

तर ती शनिवारी तुला विचारेल. बहुतेक आल्या आल्या नाही, थोडं खेळून झाल्यावर, दुसरीकडे बघत विचारेल. तयार राहा.